बाजारात तुरी : स्पेक्ट्रमवर कधीच न आलेला खेळ आणि कळवणची चार अक्षरे

१.
क, ळ, व, ण. काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही. सप्तशृंग गडाच्या तालुक्याचे हे नाव भारतीय लिप्यांच्या प्रमाण संगणकीय संकेतात लिहिले, तर त्याचे चार आकडे होतात : १७९, २१०, २१२, १९३. हेच आकडे १९८२ साली विकायला आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाला छापायला सांगितले असते, तर पडद्यावर 'कळवण' उमटले नसते. उमटले असते चार इंग्रजी आदेश : कॉस, इरेज, क्लोज आणि एसटीआर. असे का झाले असते, हे समजून घ्यायचे तर त्याच यंत्रासाठी जाहीर झालेल्या आणि कोणाच्याही घरी न पोहोचलेल्या एका खेळापासून सुरुवात करणे सोयीचे ठरते. त्या खेळाची अडचण आणि मराठीची अडचण एकाच प्रकारची होती.

२.
आधी यंत्राविषयी. इंग्लंडमधील केंब्रिज येथील सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी स्पेक्ट्रम जाहीर केला. १६ केबी स्मृतीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड, ४८ केबीच्या यंत्राची १७५ पौंड. वेगळा पडदा नव्हता. घरातला दूरचित्रवाणी संच हाच पडदा. वेगळी डिस्क नव्हती. गाण्यांची कॅसेट वाजवणारा टेपरेकॉर्डर हेच साठवणीचे साधन. कॅसेट चालू केली की कर्कश चिरका आवाज येई, आणि काही मिनिटांनी खेळ सुरू होई. मध्येच टेप अडखळली, तर पुन्हा पहिल्यापासून. ज्या घरात कार्यालयीन संगणक येण्याची शक्यताच नव्हती, त्या घरात या यंत्राने संगणक आणून ठेवला.

३.
हे यंत्र मराठी मुलखाला परके राहिले नाही. ऑक्टोबर १९८४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती, स्पेक्ट्रम प्लस, बाजारात आली; आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने ती भारतात विक्रीस आणली. तोपर्यंत इंग्लंडमध्ये खुद्द सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय विकला गेला होता : एप्रिल १९८६ मध्ये अॅमस्ट्रॅड या कंपनीने तो ५० लाख पौंडांना घेतला. म्हणजे भारतीय मुलांच्या हाती हे यंत्र आले, तेव्हा त्याच्या मायदेशातील पहिला बहर ओसरला होता. त्या बहराच्या काळातच पुढील कथा घडली.

४.
लिव्हरपूल हे बंदराचे शहर. गोद्यांचा व्यापार घटलेला, बेकारी वाढलेली. तेथे १९८२ साली मार्क बटलर आणि डेव्हिड लॉसन या दोघांनी 'इमॅजिन सॉफ्टवेअर' ही कंपनी काढली. दोघेही 'बग-बाइट' या त्याच शहरातल्या खेळ-कंपनीतून बाहेर पडलेले. लॉसनचा 'आर्केडिया' हा अंतराळयुद्धाचा खेळ त्या वर्षीच्या नाताळात भरपूर खपला. एक कॅसेट साधारण साडेपाच पौंडांना विकली जाई आणि तिची प्रत काढण्याचा खर्च किरकोळ असे. एका मोसमात हाती आलेल्या पैशाने कंपनीच्या चालीरीती पार बदलल्या : मोठे कार्यालय, महागड्या मोटारी, झपाट्याने वाढलेली नोकरमंडळी.

५.
इमॅजिनने खेळांबरोबर स्वतःचीही विक्री केली. युजीन इव्हान्स हा विशीही न गाठलेला प्रोग्रामर वर्षाला ३५,००० पौंड मिळवतो आणि स्वतःची वेगवान मोटार चालवण्याइतके त्याचे वय नाही, अशी बातमी वृत्तपत्रांतून गाजली. ती कितपत खरी होती, यावर पुढे खुद्द कंपनीतील माणसांनीच शंका घेतली. पण बातमीचे काम होऊन गेले होते. संगणकाचा खेळ लिहिणारा पोरगा चित्रपटातल्या नटासारखा प्रसिद्ध होऊ शकतो, ही कल्पना ब्रिटनमध्ये रुजली. त्याबरोबर दुसरीही एक गोष्ट घडली : कंपनीच्या मालापेक्षा कंपनीविषयीच्या बोलण्याला अधिक किंमत येऊ लागली.

६.
१९८३ चा नाताळ जवळ आला. इमॅजिनने कॅसेटच्या प्रती काढणाऱ्या कारखान्याची क्षमता आधीच राखून ठेवली, जेणेकरून प्रतिस्पर्ध्यांना ऐन मोसमात प्रती मिळू नयेत. असे कंपनीच्या कारभाऱ्यांपैकी ब्रूस एव्हरिस यांनी नंतर सांगितले आहे. डाव उलटला. बाजारात खेळांची गर्दी झाली होती, घरोघर कॅसेटवरून कॅसेट उतरवून घेतली जात होती, आणि नाताळ सरल्यावर इमॅजिनकडे न खपलेल्या कॅसेटींचे ढीग उरले. किमती पाडाव्या लागल्या. खर्च मात्र श्रीमंतीच्या दिवसांतलाच राहिला. या टप्प्यावर कंपनीने सुटकेचा एक मार्ग निवडला : असा खेळ करायचा, की तसा कोणी पाहिला नसेल आणि ज्याची चोरून प्रत काढताच येणार नाही.

७.
येथे यंत्राच्या मर्यादेचा हिशेब मांडला पाहिजे. स्पेक्ट्रमचा झेड-८० हा प्रोसेसर एका वेळी ६५,५३६ बाइटांपलीकडे पाहू शकत नाही. त्यातले १६,३८४ बाइट यंत्राच्या कायमस्वरूपी आज्ञावलीला दिलेले. उरले ४९,१५२. त्यातले ६,९१२ बाइट पडद्यावरचे चित्र आणि रंग यांना. यंत्राच्या स्वतःच्या नोंदींना आणखी थोडे. खेळ लिहिणाऱ्याच्या हाती राहिले जेमतेम ४१ केबी. त्यात नकाशा, पात्रे, हालचाल, आवाज, नियम, सारे बसवायचे. आजच्या मोबाइलमधले एक साधे छायाचित्रही याच्या अनेक पट मोठे असते. कुशल प्रोग्रामरांनी या जागेत नवल घडवले. पण इमॅजिनला हवा होता तो खेळ तेवढ्या जागेत मावणारा नव्हता.

८.
म्हणून कंपनीने ठरवले, की खेळाबरोबर एक छोटे इलेक्ट्रॉनिक उपकरणही विकायचे. स्पेक्ट्रमच्या पाठीमागे जोडणीसाठी एक उघडी पट्टी होती; तेथे ते लावायचे. त्यातून यंत्राला जादा स्मृती मिळेल, आणि उपकरणाविना कॅसेटची चोरटी प्रत निरुपयोगी ठरेल. अशा खेळांना 'मेगागेम' हे नाव दिले गेले. कमोडोर ६४ या संगणकासाठी 'सायक्लॅप्स', आणि स्पेक्ट्रमसाठी 'बँडरस्नॅच'. हे दुसरे नाव ल्युईस कॅरल यांच्या साहित्यातल्या एका काल्पनिक श्वापदाचे. किंमत सुमारे ४० पौंड सांगितली जाऊ लागली. म्हणजे नेहमीच्या कॅसेटच्या सातपट, आणि ४८ केबीच्या यंत्राच्या मूळ किमतीच्या जवळजवळ चतुर्थांश.

९.
१९८४ च्या आरंभी ब्रिटनमधील संगणक-मासिकांतून मेगागेमच्या जाहिराती झळकल्या. एका जाहिरातीत जॉन गिब्सन, इयान वेदरबर्न, माइक ग्लोव्हर आणि युजीन इव्हान्स या चौघा प्रोग्रामरांनाच पुढे उभे केले होते. काहीतरी अपूर्व शिजते आहे, एवढेच वाचकाला कळावे, अशी तिची रचना होती. खेळात नेमके काय करायचे आहे, हे सांगण्याऐवजी तो कोण करीत आहे, हे सांगितले गेले. शाळकरी वाचकांनी ती पाने पाहिली आणि वाट पाहायला सुरुवात केली. आत काम चालू होते, चित्रेही काढली जात होती. पण ज्या उपकरणावर सारा बेत उभा होता, त्यासाठी लागणारा पैसा कंपनीकडे उरलेला नव्हता.

१०.
जाहिरात छापणाऱ्यांचेच पैसे थकले, हा या प्रकरणातला विलक्षण भाग. जाहिरातींच्या देण्यापोटी प्रकाशकाने न्यायालयात दाद मागितली. रक्कम सुमारे १०,००० पौंड होती. एकेकाळी एका खेळावर याहून कितीतरी अधिक मिळवणाऱ्या इमॅजिनला तीही उभी करता आली नाही, आणि ९ जुलै १९८४ रोजी लंडनच्या न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. पहिल्या खेळापासून दिवाळखोरीपर्यंत दोन वर्षेही धड लोटली नव्हती. 'इमॅजिन' हे नाव पुढे मँचेस्टरच्या ओशन या प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेतले. बँडरस्नॅच स्पेक्ट्रमवर कधीच आला नाही. सायक्लॅप्सचीही तीच गत झाली.

११.
कंपन्या बुडतात तेव्हा सहसा कागदच मागे राहतात. येथे चित्रफीत राहिली. बीबीसीचा एक चमू 'कमर्शियल ब्रेक्स' या मालिकेसाठी ओशन आणि इमॅजिन या दोन कंपन्यांचे चित्रीकरण करीत होता. बहरत्या नव्या उद्योगाची कथा टिपायची, हा मूळ हेतू. प्रत्यक्षात कॅमेऱ्यासमोर आली ती उतरती कळा आणि दाराशी पोहोचलेले वसुलीवाले. डिसेंबर १९८४ मध्ये हा भाग प्रसारित झाला. जवळजवळ ३४ वर्षांनी, २८ डिसेंबर २०१८ रोजी, नेटफ्लिक्सवर 'ब्लॅक मिरर : बँडरस्नॅच' हा परस्परसंवादी चित्रपट आला. त्यातही एक तरुण याच नावाचा खेळ लिहीत असतो. आणि त्याच्या कथेचा पहिला दिवस आहे ९ जुलै १९८४.

१२.
खेळाचे अवशेष मात्र पूर्ण नष्ट झाले नाहीत. लॉसन आणि कंपनीचे अर्थव्यवहार पाहणारे इयान हेदरिंग्टन यांनी काम पुढे रेटले. काही काळ सिंक्लेअरच्या क्यूएल या नव्या संगणकासाठी बँडरस्नॅच करण्याचा घाट घातला गेला, तोही फसला. अखेर त्यातूनच उभ्या राहिलेल्या 'सिग्नोसिस' या कंपनीने १९८६ साली अटारी एसटी, अमिगा आणि मॅकिंतॉश या अधिक ताकदीच्या यंत्रांसाठी 'ब्रॅटॅकस' हा खेळ आणला. बँडरस्नॅचसाठी केलेल्या कामाचा अंश त्यात होता. हीच सिग्नोसिस पुढे १९९१ मध्ये 'लेमिंग्ज'ची प्रकाशक झाली आणि १९९३ मध्ये सोनीने तिला विकत घेतले. कल्पना टिकली, ज्या यंत्राच्या मालकांना तिचे वचन दिले होते, ते तेवढे वगळले गेले.

१३.
अशा वस्तूंसाठी इंग्रजीत 'व्हेपरवेअर' हा शब्द आहे : वाफेचे सॉफ्टवेअर. १९८३ च्या सुमारास एस्थर डायसन यांच्या उद्योगविषयक वार्तापत्रातून तो रूढ झाला. मराठीत त्याहून जुनी म्हण तयार आहे : बाजारात तुरी, भट भटणीला मारी. तुरी अजून बाजारातच आहेत, आणि घरात त्यांच्या वरणावरून भांडण जुंपले आहे. या भांडणात लहान कंपन्याच होत्या असे नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज जाहीर केले १० नोव्हेंबर १९८३ रोजी. ते विक्रीला आले २० नोव्हेंबर १९८५ रोजी. सिंक्लेअरने क्यूएल संगणक १२ जानेवारी १९८४ रोजी जाहीर केला आणि २८ दिवसांत घरपोच देण्याचे सांगितले. पहिली मोजकी यंत्रे रवाना होईपर्यंत वसंत ऋतू उजाडला, आणि त्यांच्याही पाठीला न मावलेल्या आज्ञावलीचे शेपूट बाहेरून जोडावे लागले.

१४.
या सर्वांना लबाड म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. मासिकाच्या नाताळ अंकात जाहिरात हवी, तर मजकूर दोन महिने आधी द्यावा लागे. तेव्हा खेळ अर्धाच लिहिलेला असे. जाहिरात पाहून दुकानदार मागणी नोंदवत, मागणी पाहून पतपुरवठा होई, आणि त्या पैशावर उरलेला खेळ लिहिला जाई. शिवाय 'आमचे येत आहे' असे कळले, की ग्राहक प्रतिस्पर्ध्याचे घ्यायला थांबे. घोषणा हे त्या काळी भांडवलाचेच एक रूप होते. फरक इतकाच, की विंडोजमागे दोन वर्षे थांबण्याइतका पैसा होता, इमॅजिनमागे नव्हता.

१५.
इतिहासाच्या अभ्यासकाला यात एक जुना धडा भेटतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हापासून मराठी अभ्यासकांना अस्सल कागदाचे महत्त्व ठाऊक आहे. पण कागद अस्सल असला तरी तो काय सिद्ध करतो, हा प्रश्न उरतोच. इनामाची सनद सापडली म्हणून जमीन ताब्यात आलीच होती, असे ठरत नाही. त्याचप्रमाणे १९८४ च्या मासिकातली जाहिरात अस्सल आहे. ती खेळाचे अस्तित्व सिद्ध करीत नाही. ती सिद्ध करते ती इच्छा : त्या वर्षी, त्या यंत्राकडून, लोक काय अपेक्षू लागले होते.

१६.
अशी अपूर्ण वचने जाहिरातीतच असतात असे नाही; कधी ती यंत्रावरच छापलेली असतात. स्पेक्ट्रमच्या कळफलकावर ६, ७, ९ आणि ० या कळांपाशी मूव्ह, इरेज, कॅट आणि फॉरमॅट हे आदेश पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते. हे आदेश मायक्रोड्राइव्ह या साठवण-उपकरणासाठी. स्पेक्ट्रमबरोबरच ते जाहीर झाले, पण प्रत्यक्षात आले १९८३ मध्ये. तोवर सव्वा वर्षाच्या आसपास प्रत्येक मालकाच्या बोटांखाली चार निकामी शब्द होते. त्यांतला 'इरेज' लक्षात ठेवावा. कळवणमधल्या 'ळ'ची जागा त्यानेच घेतली आहे.

१७.
संगणक अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. एका बाइटात ० ते २५५ असे २५६ आकडे मावतात. स्पेक्ट्रमने त्यांची वाटणी अशी केली : ३२ ते १२७ इंग्रजी अक्षरे, अंक आणि चिन्हे. १२८ ते १४३ चौकटींचे तुकडे. १४४ ते १६४ या २१ जागा वापरणाऱ्याला स्वतःच्या आकृत्या काढण्यासाठी मोकळ्या. आणि १६५ पासून २५५ पर्यंतच्या ९१ जागांवर बेसिक या भाषेचे शब्द. 'प्रिंट' हा पाच अक्षरी इंग्रजी शब्द २४५ या एकाच आकड्यात साठवला जाई; चार बाइट वाचत. जेथे सगळी जागाच ४१ केबी, तेथे ही काटकसर शहाणपणाचीच होती. पण तिने वरचा सगळा पट्टा इंग्रजी आदेशांना देऊन टाकला.

१८.
भारतीय लिप्यांसाठी जो प्रमाण संकेत १९८० च्या दशकात घडत गेला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून पक्का झाला, त्याचे नाव इस्की. त्याने नेमका हाच वरचा पट्टा वापरला. खालचे १२८ आकडे इंग्रजीला तसेच ठेवले. १६१ ते २५० या पट्ट्यात आपली अक्षरे बसवली. १७९ म्हणजे क. १९३ म्हणजे ण. २१० म्हणजे ळ. २१२ म्हणजे व. मराठीतला क, बंगालीतला क आणि तमिळमधला क या सर्वांचा आकडा एकच. लिपी बदलली की रूप बदलते. स्पेक्ट्रमच्या तक्त्यात मात्र १७९ वर त्रिकोणमितीचा कॉस, २१० वर इरेज, २१२ वर क्लोज आणि १९३ वर एसटीआर बसलेले. पहिल्या परिच्छेदातल्या कोड्याचे उत्तर हेच.

१९.
यात कोणाचा दोष काढता येत नाही. १९८२ साली केंब्रिजमध्ये तक्ता आखणाऱ्यांसमोर हे भारतीय मानक अस्तित्वातच नव्हते. शिवाय स्पेक्ट्रमवर देवनागरी अक्षर काढणे अशक्यही नव्हते. स्वतःच्या २१ आकृत्यांपैकी चार खर्चून 'कळवण' सहज लिहिता आले असते. ७६८ बाइट मोजले, तर इंग्रजी अक्षरांची सगळी रूपेही बदलता येत. अडचण पुढे होती. मराठीला ३४ व्यंजने, त्यांवर मात्रा, खाली उकार, रफार, जोडाक्षरे. आणि प्रत्येक अक्षराला मिळणारी चौकट आठ ठिपके रुंद, आठ ठिपके उंच. 'कळवण' त्यात बसेल. 'सप्तशृंगी'तला 'शृं' त्याच चौकटीत वाचनीय ठेवणे ही वेगळीच परीक्षा. आणि कोणते चिन्ह कोठे जोडायचे, हे ठरवणारी आज्ञावली पुन्हा त्याच ४१ केबीतून जागा मागणार.

२०.
भारतात हा प्रश्न कसा सोडवला गेला, ते पाहिले की बँडरस्नॅच पुन्हा आठवतो. कानपूरच्या आयआयटीमध्ये १९८० च्या दशकात देवनागरी संगणकावर काम झाले. मोहन तांबे हे त्यातले प्रमुख नाव. हे तंत्र पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेकडे आले आणि 'जिस्ट कार्ड' या रूपात प्रसिद्ध झाले. हे कार्ड पीसी या कार्यालयीन संगणकाच्या आतल्या खाचेत बसवायचे. मूळ यंत्राला देवनागरी येत नाही, तर ती जाणणारे इलेक्ट्रॉनिक साहित्यच बाहेरून जोडायचे. लिव्हरपूलने खेळासाठी योजलेला आणि न साधलेला उपाय पुण्याने लिपीसाठी साधला. इंग्रजीसाठी लिहिलेल्या वर्डस्टार, डीबेस यांसारख्या आज्ञावल्यांतही या कार्डामुळे मराठी दिसू लागली.

२१.
पण ते कार्ड पीसीसाठी होते. कार्यालये, छपाईची कामे, सरकारी नोंदी, हे त्याचे क्षेत्र. टेपरेकॉर्डर आणि टीव्हीला जोडलेल्या घरगुती यंत्राला ना ती खाच होती, ना तेवढी स्मृती, ना त्याच्या मालकाच्या खिशात तेवढे पैसे. शाळांमध्येही चित्र निराळे नव्हते : केंद्र सरकारने १९८४ मध्ये 'क्लास' हा संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, तो ब्रिटनच्याच बीबीसी मायक्रो या यंत्रावर. त्याचीही मुळाक्षरे इंग्रजी. त्यामुळे त्या पिढीतल्या मराठी मुलाने घरी वा शाळेत संगणकाशी पहिला संवाद केला, तो लिस्ट, रन, लोड अशा शब्दांत. त्या मुलाला खेळता आले, गणित करता आले. स्वतःच्या गावाचे नाव मात्र ठिपका ठिपका जोडून काढावे लागले असते.

२२.
येथे 'न आलेले सॉफ्टवेअर' या शब्दांचा अर्थ रुंदावतो. एक प्रकार बँडरस्नॅचचा : वचन दिले, बोभाटा झाला, आणि वस्तू आली नाही. त्याची आठवण राहते, कारण वाट पाहणारे होते. त्याच्यावर चित्रपटही निघतात. दुसरा प्रकार असा, की ज्याची जाहिरात करावी असे यंत्र बनवणाऱ्यांना वाटले नाही, म्हणून ज्याची वाटही कोणी पाहिली नाही. स्पेक्ट्रमच्या मूळ तक्त्यात देवनागरीला एकही जागा नव्हती, आणि तिची उणीव कोणत्याही जाहिरातीत नोंदली जाण्याचे कारण नव्हते. केवळ जाहिराती वाचून इतिहास लिहिला, तर पहिला प्रकार दिसतो आणि दुसरा निसटतो. तो शोधायला यंत्राचा तक्ताच उघडावा लागतो.

२३.
इस्कीच्या तक्त्याची जाहिरात कोणी केली नाही. तरी तो पुढे टिकला. ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतलेली होती. फरक महत्त्वाचा : येथे २५६ जागांसाठी भांडण नव्हते. देवनागरीला स्वतःचा स्वतंत्र पट्टा मिळाला. कॉस आणि क पुन्हा एकाच खुर्चीवर येण्याचे कारण उरले नाही. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० ने मराठीला मूळ प्रणालीतच आधार दिला. कार्ड नको, वेगळे उपकरण नको. घरच्या संगणकावर मराठी आली ती अशी, आणि तोपर्यंत स्पेक्ट्रमच्या कॅसेटी माळ्यावर जाऊन पडल्या होत्या.

२४.
१ मे २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन देण्यास आरंभ केला. गिरणेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याच्या उताऱ्यावर तालुक्याच्या रकान्यात 'कळवण' असे लिहिलेले असते, तेव्हा मोबाइलच्या आत चार आकडे असतात : २३२५, २३५५, २३५७, २३३९. पहिला क, शेवटचा ण. इस्कीत १७९ नंतर १४ घरे मोजली की १९३ वर ण येतो. युनिकोडमध्ये २३२५ नंतर १४ घरे मोजली की २३३९ वर तोच ण येतो. १९८० च्या दशकात आखलेला क्रम तसाच चालत आलेला आहे. ज्यांच्याकडे जुना स्पेक्ट्रम वा त्याची संगणकावरील नक्कल असेल, त्यांनी १७९, २१०, २१२ आणि १९३ हे आकडे त्याला छापायला सांगावेत, आणि पडद्यावर काय येते ते स्वतः पाहावे.